पडदा पडेपर्यंत मेलेले सुकलूभाऊ

चामोर्शीची स्वाती घरबसल्या संगणकात खोल्या बांधते. त्या खोल्यांना वीट लागत नाही, चुना लागत नाही. कुणी सकाळी येऊन काम मांडून जातो, कुणी रात्री येऊन ते पुढे नेतो. दूरदेशीच्या कंपन्या त्यांत सुखाने नांदतात.

यंदा मात्र तिच्या जिवाला घोर लागला होता तो गावच्या नाटकाचा. नायक सुकलूभाऊ ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात पाळीवर, खलनायक लोकेश जिवतीच्या डोंगरावर नोकरीला, नायिका रंभाबाईंचं धान कापणीला आलेलं. एकत्र तालीम जमेना, म्हणून दिवाळीनंतरच्या मंडईतलं, म्हणजे गावच्या जत्रेतलं, नाटकच रद्द करायची भाषा निघाली. मंडई आणि नाटक नाही? स्वातीने हट्टाने संगणकात मंच बांधला. ज्याला सवड मिळेल त्याने मोबाईलवरून यावं, मंचावरच्या आपल्या रूपाच्या आकृतीकडून आपल्या वाट्याचा प्रवेश वठवून घ्यावा. पुढच्याने आपल्या सवडीने उत्तर द्यावं.

गाडी छान चालली, आणि मरणाच्या प्रवेशाला अडली. लोकेशचा सुरा लागून सुकलूभाऊ झकास मेले, ते मेलेच. दोन दिवस आकृती मंचावर आडवी!

रंभाबाईंचा फोन आला. "पोरी, मुडद्याले ओलांडून प्रेमाचं गाणं म्हणू का वं मी?"

भाऊ फोन उचलेनात. स्वातीने त्यांच्या बायकोला, रुखमाकाकूंना गाठलं.

"मोबाईलले हात नाई लावून राह्यले," काकू कडाडल्या. "म्हणतेत, मी मेलो आहो. मेलेला माणूस ताटभर भात कसा खाऊन राह्यला, विचार त्याईले!"

मागून भाऊंचा खर्ज आला, "पडदा कुठी पडला? पडद्याआधी उठलो तं लोक हसतीन! जिंदगीत नाई उठलो तसा!"

स्वातीने कपाळावर हात मारला. दारं केली, दिवे लावले, पडदाच विसरली! त्याच दुपारी तिने लाल मखमली पडदा टांगला, झालर लावली, घंटा बसवली. घण्ण झालं, पडदा पडला, भाऊ उठले. तालीम पुरी झाली.

मंडईत खराखुरा मंच सजला. माणसांचा पूर लोटला होता. रंभाबाईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "सांगा नाथ, माझा स्वीकार कराल ना?"

भाऊंनी मान डोलावली आणि ते सवयीने, उत्तर उद्या द्यायचं म्हणून, शांतपणे विंगेत चालते झाले.

स्वाती खुर्चीवर चढून ओरडली, "भाऊ, आजच सांगा नं!"

भाऊ धावत परतले. "हो, हो, करतो!"

आणि मंडपाने असा वन्स मोअर दिला की भाऊंना पुन्हा विंगेत जाऊन पुन्हा परतावं लागलं.