दुपारच्या सुट्टीतली माफी

"माझ्या कामाच्या ठिकाणी? दुपारच्या सुट्टीत? सगळ्याजणी डबे उघडून बसलेल्या असताना?"

"अगं, सगळ्या एकत्र भेटतात म्हणूनच तर ती वेळ धरली."

"म्हणजे विचार करून केलंत! मला वाटलं, जुनं काही अजून उतरायचं राहिलंय."

"शुद्धीत होतो म्हणून तर गेलो. माफी मागायला गेलो होतो, भांडायला नाही."

"भांडला असतात तर बरं झालं असतं. म्हटलं असतं, आजारी माणूस आहे, डोकं फिरलंय. आता काय म्हणू?"

त्याने सकाळीच घासून पालथं घातलेलं पातेलं ती पुन्हा घासायला घेऊन बसली होती. तो दाराशी उभा होता. कोपरापर्यंत लाकडाचा भुसा, भुवयांवरही भुसा. अंघोळीला जावं की उभं राहावं, हे त्याला ठरवता येईना.

तो फर्निचरला पॉलिश करणारा. जुन्या खुर्चीतून नवी खुर्ची काढावी तर त्यानेच, असं त्याचा मालकही म्हणायचा, पण तो जागेवर असेल तेव्हा. बाकीच्या वेळी तो कुठेतरी पडलेला असायचा आणि मग पडदे शिवायच्या कारखान्यात त्याच्या बायकोला फोन जायचा. 'तुमचा माणूस इथे आहे, घेऊन जा.' पहिल्यांदा असा फोन आला, तेव्हा मशीनवरून उठताना कटिंगवाल्या ताईंनी तिला विचारलं, "काय झालं गं?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ह्यांना फिट आली."

दारू म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच. पण कटिंगवाल्या ताईंच्या धाकट्या भावाला लहानपणापासून खरोखरच्या फिट्स येत. ताईंनी कात्री खाली ठेवली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तेव्हापासून त्या तिला शिकवत राहिल्या. कुशीवर वळव. कॉलर सैल कर. तोंडात काही घालायला जाऊ नकोस, लोक सांगतील, ऐकू नकोस. ती अर्ध्या दिवसाने निघून गेली की तिच्या राहिलेल्या पडद्यांना ताई बाकीच्यांकडून दुमड घालून घ्यायच्या. मालकिणीने कुरकुर केली तर म्हणायच्या, "घरात असं माणूस असलं म्हणजे कळतं."

मग त्याने सोडली. कशी सोडली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आता तो पहाटे उठून मैदानाला चकरा मारतो, चहा करतो, भाजी चिरून ठेवतो. कामाला जाताना लांबचा रस्ता घेतो, कारण जवळच्या रस्त्यावर गुत्ता आहे. पॉलिशमध्ये स्पिरिट असतं, त्या वासाला भिऊन त्याने मालकाकडून नुसतं घासायचं काम मागून घेतलं. एवढा मुरलेला कारागीर दिवसभर पॉलिश पेपर घेऊन खुर्च्यांचे पाय घासत बसतो आणि काल शिकायला आलेले त्याला सांगतात, "काका, इथे अजून जरा हात मारा."

संध्याकाळी तो गटात जातो. सोडलेल्यांचा गट. तिथली रीत अशी, की ज्यांना ज्यांना आपण दुखावलं, त्यांच्या दारात जाऊन माफी मागायची. गटातल्या दादांनी बजावलंही होतं, "ज्या माफीने तिसरंच माणूस मरेल, ती मागायची नाही." पण हे बाहेर लफडी केलेल्यांसाठी असणार, असं तो आपलं धरून चालला. थोरल्या भावाची माफी मागितली, घरमालकाची मागितली. दर वेळी उतरताना जिना हलका वाटायचा. चटक माफीचीही लागते.

आज तो इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्याच्या दारात उभा राहिला. पाठ केलेलं बोलला. "माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना फार त्रास झाला. मला फिटबिट काही येत नव्हती. मी प्यायचो. माफ करा."

त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. सगळ्या बघत होत्या तिच्याकडे. तिचा घास तोंडातच होता.

"'कॉलर सैल केलीस ना?' म्हणून मी हिला दर वेळी विचारायचे," ताई एवढंच म्हणाल्या आणि डबा झाकून कटिंगच्या टेबलाकडे गेल्या.

आणि तो? तो शीळ घालत कामावर परतला. हे आत्ता आठवलं तशी त्याची मान आणखी खाली गेली.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर. सांगतो, हिचा काही दोष नाही—"

"खबरदार! पाऊल टाकाल तर!" पातेलं आदळलं. "तुम्ही सुटलात. सुटलात ना? छान. तुमचं ओझं उतरलं ते कुठे गेलं, बघितलंत?"

"खोटं तू माझ्यासाठीच बोललीस ना? मग लाज माझी."

"सगळं तुमच्यासाठी नव्हतं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कधी कधी फोन आलेलाच नसायचा. तुम्ही धड असायचात. मीच म्हणायचे, फिट आली, आणि बागेत जाऊन बसायचे. एकटी. ताई माझे पडदे पुरे करायच्या आणि मी बाकावर पाय पसरून झाडं बघायचे."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

कटिंगवाल्या ताई. दम लागलेला, खांद्याला पर्स. त्याने लगबगीने खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"ह्यांचं ऐकलं दुपारी. आता तू सांग."

"ताई, खरं आहे ते."

"डोळे पांढरे होतात, हात वाकडे होतात, असं तू सांगायचीस. ते कुठून आणलंस?"

तिने आदळलेलं पातेलं सरळ केलं.

"माझ्या भावाचं ऐकून?"

"तुम्हीच सांगायचात ना ताई, त्याचं... तेच मी..."

"घरी जाऊन मी त्याला सांगायचे, बघ, तू एकटा नाहीस. आणखी एक आहे. तो तुझ्या नवऱ्याची चौकशी करायचा गं. रोज."

असा प्रसंग आला की त्याला पूर्वी जायला एक जागा होती. जिना उतरायचा, वळायचं, संपलं. आता तो आपल्याच घरात खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता आणि ऐकण्यावाचून सुटका नव्हती. "ताई, चूक माझी—" तो म्हणाला.

"तुमची माफी मागून झाली," ताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

बायकोने ओले हात पदराला पुसले. पुसतच राहिली. कारखान्यात ताई जिला कापड कापून देतील तिलाच काम. ताईंनी टाकलं तर दुसरी मशीन नाही, सोबत डबा खायला दुसरी बाई नाही.

"ताई," ती म्हणाली, "उद्या मी येऊ ना कामावर?"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पर्स खांद्यावर सारखी केली, दाराबाहेर काढलेल्या चपला पायांत सरकवल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत निघून गेल्या.