‘येऊन भांडावे’

भागरथाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भांडत होत्या. तुमसरच्या बाजारपेठेमागे त्यांची लहानशी प्रेस होती. मी मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते आणि सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापून घ्यायला तिथे गेले होते. दारात दोन सायकली आडव्या टाकलेल्या. आत आंधळगावचे दोन शेतकरी तावातावाने बोलत होते, आणि शाईने काळ्या झालेल्या बोटांनी पदर खोचत एक ठेंगणी बाई त्यांना तितक्याच तावाने उत्तरं देत होती. जमिनीचा काही तंटा असेल असं मला वाटलं.

“डुकरं धान खातेत, नाई कोन म्हनते? पन सारी बांधी खातेत का? तुमी तं आमाले थेट पऱ्ह्यात नेऊन बसवलं!”

“मंग जागलीले काहून नाई गेले? झोपा काढल्या असन!”

“जागलीचं घर कोठी हाय तुमच्या पटावर? दाखवा ना!”

बाईंनी टेबलावरचा जाड कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, वरपासून खालपर्यंत पाहिला. “नाई हाय जी,” त्या म्हणाल्या, “तुमचं खरं हाय.” मग त्यांनी चहा मागवला आणि त्या दोघांच्या देखतच चौकटीतले अक्षरांचे खिळे उपसून नवे जुळवायला घेतले. माझ्या प्रश्नपत्रिका त्या दिवशी तशाच राहिल्या.

तंटा एका खेळाचा होता. खेळाचं नाव ‘बांधी’. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. नवऱ्याच्या माघारी प्रेस अंगावर पडल्यावर भागरथाबाईंनी तो स्वतःच रचला आणि छापला. चिंचोके टाकायचे, पऱ्ह्यातल्या, म्हणजे वाफ्यातल्या, रोपांपासून निघायचं आणि लावणीचा रोवणा, किडी, डुकरं, फुटलेले बांध असं सगळं पार करत धान घरच्या कणगीत, म्हणजे ढोलीत, नेऊन ओतायचं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, पाहुणेरावळे जमतात. तिथे त्या पट विकत. कडेला एका सतरंजीवर कापडाचा मोठा पट अंथरून ठेवत आणि येईल त्याला खेळायला बसवत. प्रत्येक पटाच्या तळाशी प्रेसचा पत्ता आणि त्याच्या जोडीला एक ओळ छापलेली असे : ‘खेळ पटला नाही, तर येऊन भांडावे.’

लोकांनी ती ओळ फार मनावर घेतली. लोक खरोखरच येत. कुणी बाजाराच्या दिवशी, कुणी लग्नाला जाता जाता. मी प्रेसच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले, तेव्हापासून ही भांडणं ऐकतच माझा चहा होई. बाई सहजासहजी हार मानणाऱ्या नव्हत्या. समोरच्याला आधी पुरता घाम फोडत. पण एकदा पटलं की खिळे काढायला क्षणाचाही उशीर नाही. “भांडाले येते थो आपला मानूस हाय,” त्या म्हणत. “ज्याले काईच पडली नाई, थो कायले येईन इतक्या उन्हातानात?”

स्वतःच्या चुकीपुढेही त्यांचा हाच न्याय. एका वर्षी त्यांनी पटावर नवं घर टाकलं : ‘ढिवराच्या जाळ्यात पाय अडकला, एक डाव बसून राहा.’ मंडई आटोपून थोडे दिवस झाले असतील. तलावावर मासे धरणाऱ्या घरांतल्या चारपाच बायका प्रेसमध्ये आल्या. पुढे पार्बताबाई होती. उंच, काटक, आणि आवाज असा की यंत्र चालू असतानाही स्पष्ट ऐकू यावा. तिने खांद्यावरचं ओलं जाळं काढून सरळ खिळ्यांच्या टेबलावर टाकलं.

“हे घ्या जाळं. कोनाचा पाय अडकला याच्यात, सांगा. आमचं पोट भरते याच्यावर, अन् तुमी याले खड्ड्याच्या रांगेत बसवता?”

मी वाट पाहिली, आता बाई भांडतील. त्या भांडल्या नाहीत. ओल्या जाळ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “चुकलं माह्यं.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पार्बताबाईबरोबर तलावावर गेल्या आणि दिवसभर काठावर बसून राहिल्या. पुढच्या पटावर छापून आलं : ‘बोडीत मासोळी गवसली, पुन्हा चिंचोके टाका.’ बोडी म्हणजे लहान तळं. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात : ‘मागल्या पटात जाळ्याबद्दल आमची चूक झाली.’ छापखानेवाल्याने आपली चूक आपल्याच खर्चाने छापलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मोठमोठ्यांना तेवढं जमत नाही.

पार्बताबाई रोवण्यालाही जाई. त्यामुळे पटावरच्या पाण्याइतकंच धानाचंही तिला कळे. पुढच्या मंडईत तिनेच सतरंजीवर बसून विचारलं, “बाई, धान ढोलीत गेला का खेळ संपला? मंग गिरणीत काय होते, थे काहून नाई लिवत?” भोवतालचे हसले, मग एकदम सगळेच बोलायला लागले. ओलं म्हणून कुणाच्या धानाचं वजन कापलं होतं, कुणाला काटाच दिसू दिला नव्हता. बाई सगळं ऐकत होत्या. त्या सालापासून पटावर ढोलीच्या पुढे आणखी एक घर आलं : ‘धान गिरणीत गेला, काटा मारला. चार घरं मागे.’

आता, तुमसरात प्रेस चालवायची म्हणजे भात गिरण्यांच्या जिवावर. त्यांची पावतीपुस्तकं, त्यांची बिलं, त्यांची दिवाळीची शुभेच्छापत्रं. भागरथाबाईंचं यंत्र वर्षातले बहुतेक दिवस गिरण्यांसाठीच चाले. खेळ ही त्यांची हौस होती, पोट गिरण्यांवर होतं. म्हणून एका दुपारी त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक असलेले एक गिरणीवाले शेठ स्वतः प्रेसमध्ये आले, तेव्हा मी वरून खाली उतरून जिन्यातच थांबले.

शेठजी रागावलेले नव्हते. गोडच बोलत होते. “बाई, ते एक घर काढून टाका. खेळच तर आहे.”

“खेळच हाय, तं तुमाले झोंबला काहून जी?”

“आमची पुस्तकं तुमच्याकडे छापतो. आठवते ना?”

“आठवते ना. तुमच्यामुळंच चूल पेटते, खोटं नाई बोलनार. पन थे घर माह्यं नाई, खेळनाऱ्यायचं हाय. तुमाले पटलं नाई, तुमी आले, चांगलं केलं. आता आंधळगावच्या मंडईत या. पटावर बसा. लोकायले पटवून द्या. थे म्हनतीन काढा, तं तुमच्यासमोर खिळे काढीन.”

शेठजी मंडईला खरंच आले! मुनीम बरोबर होता. लोकांनी सरकून त्यांना सतरंजीवर जागा करून दिली, कुणी पाणी आणलं, चिंचोके त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “सगळ्या गिरण्या सारख्या नसतात. असं लिहून आमची बदनामी होते.”

पार्बताबाई समोरच बसली होती. “पन जी, पटावर तं कोन्याच गिरणीचं नाव नाई लिवलं. तुमची हाय हे तुमाले कसं ओळखू आलं?”

असं हसू उसळलं की पलीकडच्या पाळण्यातले लोकही वळून पाहायला लागले. शेठजी उठले, चपला घातल्या आणि गेले. ते घर राहिलं. आठवडा उलटायच्या आत त्यांची पुस्तकं दुसऱ्या प्रेसकडे गेली, आणि हळूहळू बाकीच्या गिरण्यांचीही.

ते दिवस वाईट होते. खालून यंत्राचा आवाज येत नसे. मी न राहवून एकदा म्हटलं, “बाई, एका घरासाठी एवढं?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्गात उत्तर चुकलेली मुलगी झाले. “मास्तरीणबाई, आज शेठ म्हनते म्हून हे घर काढलं, तं उद्या नहराचा साहेब येईन. म्हनन, बांध फुटला हे काढा. मंग लोक भांडाले कोनासंग येतीन? मी तं नसनच थ्या पटात.”

गावांनी मात्र त्यांना सोडलं नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात लग्नपत्रिकांची साथ आली. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी निमंत्रणं गेली, त्यांनीही पत्रिका छापल्या. बारशाच्या, गृहप्रवेशाच्या, एकाने तर बैलजोडी घेतल्याच्या आनंदात जेवणाची. पत्रिका वाचणारे थोडे, वाटणारे फार. बाई कामाच्या नादात डोळे पुसत आणि तोंडभर शाई लावून घेत. “पाहा, कसे येडे हायेत,” म्हणत. मला त्या माणसांचा आणि त्या बाईचा इतका अभिमान वाटला की मीसुद्धा माझ्या वाढदिवसाच्या पत्रिका छापल्या. मी तेव्हा चाळिशीला आले होते.

ऐंशीचं दशक संपत आलं, तेव्हा साकोलीच्या बसस्टँडसमोर एका दुकानात व्हिडिओ गेमचं यंत्र आलं. आम्ही दोघी पट विकून परतीच्या बसची वाट पाहत होतो. बाई आता थकल्या होत्या, पण खेळ म्हटल्यावर त्यांना कोण अडवणार? मुलांच्या घोळक्यात शिरल्या, नाणं टाकलं, दांडी धरली. पडद्यावरचं विमान लगेच फुटलं. पुन्हा फुटलं. तिसऱ्यांदाही. त्यांनी दुकानदाराला हाक मारली.

“हे मले वरून मारते, बाजूनं मारते, अन् माह्यं काय चुकलं थे सांगतच नाई. याच्यासंग भांडाचं असन तं कोठी जाचं?”

“आजी, हे बाहेरून येते. मले काय मालूम कोन बनवते?”

“पत्ता असन ना कोठी.” त्या यंत्राच्या मागे जाऊन वाकून पाहून आल्या. “नाई हाय. आता सांगा, पत्ता नाई तं भांडाचं कोनासंग? खेळ बाकी मजेचा हाय.” पिशवीतून एक पट काढून त्यांनी त्याच्या हातात दिला. “हे घे. याच्यात चुकलं तं ये मंग तुमसरले.”

त्यानंतर एका हिवाळ्यात त्या गेल्या. अंथरुणाला फार दिवस खिळल्या नाहीत. प्रेस त्यांच्या पुतण्याकडे, प्रल्हादकडे गेली. प्रल्हाद वाईट मुलगा नव्हता. त्याला संसार होता, गिरण्यांची कामं परत हवी होती. दिवाळीला त्याने पट छापले ते छान रंगीत. फक्त ढोलीपुढचं घर कोरं होतं, आणि तळाची ओळ नव्हती.

आंधळगावच्या मंडईत मी सतरंजीपाशी पोचले तेव्हा पार्बताबाई नवा पट मांडीवर घेऊन बसली होती. केस पिकलेले, आवाज तोच. तिने कोऱ्या घरावर बोट ठेवलं.

“मास्तरीणबाई, पेन हाय ना? लिवा अथी.”

मी लिहिलं : ‘धान गिरणीत गेला, काटा मारला. चार घरं मागे.’ शेजारच्याने आपला पट पुढे केला. मग त्याच्या मागच्याने. शाळेत इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, पण माझ्या अक्षराला एवढी मागणी कधी आली नव्हती. प्रत्येक पटाच्या तळाशी मी बाईंची ओळही लिहीत गेले.

प्रल्हाद पट विकायच्या मांडवातून उठून आला. चेहरा उतरलेला होता. “मॅडम, हे बरोबर नाही. शेठजींना शब्द दिलाय मी.”

“पटलं नाही का तुला?”

“नाही.”

“मग बस,” मी म्हटलं, “आणि भांड.”

मग त्याने चपला काढल्या. पार्बताबाईने सरकून त्याला सतरंजीवर जागा करून दिली आणि चिंचोके त्याच्या हातात ठेवले.