पोकलेनचा लाल दिवा

मशीन दुरुस्त करणारे दौंडचे एक मिस्त्री माझ्या पोकलेनपाशी आले, की रामराम करायच्या आधी विचारायचे, "तेल कवा बघितलं?" उत्तर काहीही मिळो, ते स्वतः इंजिनातली तेल मोजायची काडी काढून बघायचेच. माझा ड्रायव्हर त्यांना मागं घाबरट म्हणायचा.

इनामगावजवळ एक विहीर ढासळली आणि मजूर आत अडकला, त्या दिवशी मिस्त्री मशीनच्या कामासाठी आमच्याबरोबरच होते. आम्ही बाजूनं चर खणत होतो. ढिगाऱ्यातून मजुराच्या हाका ऐकू येत होत्या. तेवढ्यात ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला.

"बंद करा!" मिस्त्री ओरडले.

मजुराचा भाऊ त्यांच्या अंगावर धावून गेला. "माणूस मरतोय आन् मशीन बंद करताय व्हय?"

"इंजिन जाम झालं तर त्येला काढायचं कशानं?"

दिवा खरा की खोटा हे बघायला त्यांनी दिव्याचा सेन्सर काढून तिथं तेलाचा दाब मोजायचा गेज बसवायला घेतला. घाईत पाना निसटत होता. आतल्या हाका बारीक होत चालल्या होत्या. शेवटी इंजिन सुरू केलं आणि काटा वर चढला.

"प्रेशर हाय. सेन्सरच गेलाय. चालवा!"

मजूर जिवंत बाहेर येईपर्यंत ते तापलेल्या इंजिनाशेजारी काट्यावर नजर लावून उभे होते.

लोक त्याला घेऊन दवाखान्यात गेले. मिस्त्री मातीतच बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी नुसतंच हातात धरलं.

"खरंच प्रेशर नसतं," ते हळूच म्हणाले, "तर त्येच्या भावाला मी काय सांगितलं असतं?"