दक्षिणेकडे पाय

वडिलांची कबर आडवी आहे आणि ती माझ्यामुळे आडवी झाली. कितीतरी वर्षं हे मी कुणाजवळ बोललो नाही.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं सातच. पुसेगावच्या रस्त्याला, नाल्याच्या अलीकडे आमची स्मशानभूमी. तिथं प्रत्येक कबरीचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. काहून, तर शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, मेलेली माणसं उठून बसणार, आणि उठल्या उठल्या त्यांचं तोंड त्याच्याकडे असायला पाहिजे. लहानपणी मी आईला विचारलं होतं, उठल्यावर मान वळवता येत नाही का? तिनं पाठीत धपाटा घातला होता.

वडील गेले ते हळद शिजवायच्या दिवसांत. आमच्यातली खड्डा खणणारी माणसं सगळी लांबच्या शिवारात, कढईवर. ऊन असं की प्रेत ठेवायची सोय नाही. मी मुसलमान मोहल्ल्यातल्या चाचांकडे पळालो. त्यांच्या कबरस्तानातल्या कबरी तेच खणायचे आणि वडिलांशी त्यांची रोजची बसउठ. म्हातारा डोळे पुसत, टिकाव खांद्यावर टाकून लगेच निघाला. जागेवर उभं राहून त्यांनी विचारलं, "बेटा, किस तरफ?"

माझं डोकं आधीच फिरलेलं. पेटी यायची होती, पाळकसाहेब अजून हिंगोलीतच होते, आणि हे मला दिशा विचारून राहिले! मी खेकसलो, "चाचा, हमेशा खोदते वैसा खोदो ना!"

त्यांनी नेहमीसारखी खणली. उत्तर-दक्षिण, त्यांच्यात असते तशी, डोकं उत्तरेला अन् पाय दक्षिणेला.

पेटी आली तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. पण खाली कडक मुरूम, सूर्य डोक्यावर, पुन्हा कोण खणणार? पाळकसाहेब म्हणाले, देवाला सगळ्या दिशा सारख्या, उतरवा. उतरवली. ज्या दिशेला पाय करून आमच्या गावात जिता माणूस झोपत नाही, त्या दिशेला पाय करून मी बापाला झोपवलं. आई काही बोलली नाही. आधी कबरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

माझं मोटारी बांधायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, तार काढायची, नवी भरायची. देवाधर्माचं माझं तेव्हाच सुटत चाललं होतं. तरी दुपारी दुकानात जरा डोळा लागला की एकच दिसायचं. सगळ्या कबरी उघडल्यात, आमची माणसं उठून उजेडाकडे निघालीत, आणि वडील एकटेच दुसरीकडे तोंड करून बसलेत. मी हाका मारतो, त्यांना ऐकू येत नाही. घामाघूम होऊन उठायचो. ज्या गोष्टीवर विश्वास नाही तिची इतकी भीती वाटते, हे सांगणार कुणाला? रस्त्यात स्मशानभूमी आली की मी गाडी जोरात काढायचो आणि तिकडे बघायचो नाही.

ईस्टरच्या आधी आमच्यात कबरींना चुना लावतात, आणि ईस्टरच्या पहाटे सगळी घरं मेणबत्त्या घेऊन तिथं पूर्वेला तोंड करून उभी राहतात. मी जायचं कधीच सोडलं होतं. दोन वर्षांमागं आई अंगणात चुना कालवत बसली होती. म्हणाली, "यंदा तरी चल रे बाबा."

मी चिडलो. कशावर चिडलो कोण जाणे. म्हटलं, "कुणी उठत न्हाई, आई. माती होते. तुझा प्रभू बी उठला न्हाई. त्यानं चांगलं शिकवलं, तेवढं घ्यावं अन् गप बसावं."

तिचा हात थांबला. "चांगलं तर तुझे मास्तर बी शिकवायचे. त्यांच्या नावानं उपास करते का मी?" मग म्हणाली, "तो उठला म्हणून मी तुझ्या बापाला तिथं ठेवून आले. तो उठला नसंल, तर मी त्यांला खड्ड्यात टाकून आले. समजतं का तुला?"

तिची प्रार्थना, तिची गाणी, तिचं रविवारी धुवट लुगडं नेसणं, सगळं त्या एकाच गोष्टीवर उभं होतं, आणि मी सहज लाथ मारायला निघालो होतो. फार लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "आई, दिशा मीच चुकवली. चाचांनी विचारलं होतं."

"माहीत हाय. जागा दाखवायला मी बी आले होते, मागंच उभी होते."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"बाप गेलेल्या लेकराला काय बोलू?" तिनं पुन्हा चुना ढवळायला घेतला. "आता एक कर. माझी बी तशीच आडवी खणायला लाव, त्यांच्या बाजूला. सकाळी चहा घेतल्याबगर त्यांला काही सुचत न्हाई. उठतील, समोर कुणीच दिसणार न्हाई, वाटंल आपली माणसं आलीच न्हाईत. मी खांद्याला धरून फिरवीन त्यांला."

यंदा आई गेली. चाचा आता काठी घेऊन चालतात, तरी नातवाच्या आधारानं आले. माझा हात धरून म्हणाले, "बेटा, इस बार सीधी खुदवाऊँगा. उस दिन की तकलीफ दिल से जाती नहीं." म्हणजे तेही इतकी वर्षं हेच घेऊन जगत होते! मी म्हटलं, "गलती मेरी थी, चाचा. आडीच खुदवाओ, माँ ने बोला है." पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुझा तर विश्वास न्हाई. मग हा हट्ट कशाला?" मी म्हटलं, "तिला वडिलांना फिरवायचंय." हे मी ज्या आवाजात बोललो तो मलाच ओळखू आला नाही.

तीन आठवड्यांनी ईस्टर आला. दोन्ही कबरींना मी चुना लावला आणि पहाटे गेलो. सगळे पूर्वेला तोंड करून उभे होते. मी त्यांच्यात उभा राहायला गेलो, पण पाय ठरेनात. मग दक्षिणेच्या बाजूला गेलो, आईवडिलांच्या पायांशी, आणि त्यांच्याकडे तोंड करून मेणबत्ती धरून उभा राहिलो. म्हटलं, उठले तर समोर आपलं कुणीतरी दिसू दे.

चांगलं उजाडेपर्यंत मी तिथून हललो नाही.