अव्वाच्या आवाजाची तारीख

अजित गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. राहिलेल्या सगळ्या थापून घेतल्या आणि मग निघाले. धाकटा भाऊ, एकुलता एक... तरी पाय उचलत नव्हता.

गेला महिनाभर लोक त्याची सेवा आठवतात. ती खोटी नाही. आमची आई, अव्वा, अंथरुणाला खिळली तेव्हापासून तिचं न्हाणं-खाणं, कूस बदलणं त्यानं एकट्यानं केलं. लग्न केलं नाही. उचगावच्या एका फाउंड्रीत तो सर्व्हर सांभाळायचा आणि दुपारी तिला भरवायला घरी यायचा.

मी जातीबाहेर लग्न केलं तेव्हा अव्वा संतापानं म्हणाली होती, "माझ्या मढ्याला तिनं हात लावायचा न्हाई." अजितनं ते तेव्हाच, मला नकळत, रेकॉर्ड करून ठेवलं होतं. पुढं अव्वा निवळली, माझ्या घरी येऊन जेवली. पण ती गेली त्या दिवशी अजितनं अंगणात लॅपटॉप उघडून सगळ्या भावकीला ते वाक्य ऐकवलं आणि फाईलची तारीख दाखवली. तारीख त्याच आठवड्यातली! जाता जाता अव्वाचं मन फिरलं, असं सगळ्यांनी धरलं. मीही. मी फाटकाबाहेर उभी राहिले आणि तिरडी माझ्यासमोरून गेली.

खरं काय ते त्यानंच सांगितलं, त्याच्या शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, मी त्याला पेज भरवत असताना.

"अक्का, ती तारीख मी बदललेली."

"तारीख बदलता येती?"

"व्हय की. लिनक्समध्ये सिस्टिम कॉल असतोय. या फाईलला ही वेळ लाव म्हणायचं. फाईल आपली असली की मशीन लावतंय, का म्हणून इचारत न्हाय." शिकवायला बसल्यासारखा तो बोलत होता. "आणखी एक वेळ असती, तारखेला हात कधी लागला त्याची. ती त्या कॉलनं बदलत न्हाय. पण ती बघतंय कोण?"

"तिथं काय हाय?"

"अव्वा गेली ती सकाळ. तुला फोन केला, मग बसलो."

"का रं?"

"सगळं मी करायचो आणि ती नाव तुझं घ्यायची."

माफी त्यानं मागितली नाही. मी उरलेली पेज बेसिनमध्ये ओतली आणि घरी आले. परत गेले नाही. त्याच्या मढ्याला हात लावायला मात्र घरचं असं मीच एकटी होते.

परवा त्याची खोली आवरायला गेले. लॅपटॉप टेबलावरच होता. ते रेकॉर्डिंग पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. अंगणात त्यानं अव्वाचं वाक्य संपताच बंद केलं होतं. पुढं बराच वेळ नुसती खरखर... मग अजितचा आवाज, अगदी कोवळा.

"अव्वा, मी हाय की तुला."

आणि अव्वा म्हणते, "तू असून काय उपेग?"