आत्तीला पिक्चर सांगायला गेलो त्याची गोष्ट

कोल्हापूरला कसं जायचं, काय खायचं हे सांगणारे ब्लॉग पुष्कळ आहेत. आंधळ्या माणसाला घेऊन पिक्चरला कसं जायचं ते मी सांगतो, कारण त्यात माती खाण्याचा अनुभव माझ्याइतका कुणाला नसावा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मुरगूडला मास्तर होतो आणि बोलण्यात आपला हात धरणारा कुणी नाही अशा भ्रमात होतो. माझ्या आत्तीची, म्हणजे आत्याची, नजर जाऊन चार वर्षं झालेली. तिला पिक्चरचा भारी नाद. पण जो नेईल तो सांगता सांगता स्वतःच पडद्यात रमायचा आणि ही नुसती आवाज ऐकत बसायची. मी ऐटीत म्हणालो, "आत्ती, चल. एकूण एक सांगतो."

"बघ हां. दिसंल त्येच सांगायचं," तिनं बजावलं.

सकाळच्या एसटीनं कागलमार्गे कोल्हापूरला निघालो. मागच्या सीटवर बसू नका, हा माझा सल्ला आजही लागू आहे. माझं कंबरडं साक्षीला आहे. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. आत्तीनं विचारलं, "कट लाल हाय का रं?"

"लालभडक."

तिथं तरी खरं बोललो.

थेटरात माझं सांगणं सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोवर पुढून आवाज आला, "ओ पावणं, आमास्नी दिसतंय की! गप बसा!" मला असा राग आला की इंटरव्हलला थेट मॅनेजरच्या खोलीत शिरलो. मास्तरकीच्या आवाजात म्हटलं, "आंधळ्या माणसानं अख्खं तिकीट काढून अर्धाच पिक्चर घ्यायचा? प्रत्येक खेळाला एक सांगणारा माणूस ठेवा. जे दिसतंय ते जसंच्या तसं सांगणारा!"

"असं कुठं असतंय व्हय, गुरुजी?"

"न्हाय म्हणूनच सांगतोय की!"

बिचाऱ्यानं कटकट नको म्हणून मागच्या भिंतीकडची रिकामी रांग आम्हाला दिली. मी दिग्विजय केल्यासारखा परतलो.

मग आला शेवट. फौजेतल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई. गावात एसटी थांबते आणि टपावरून त्याची नुसती ट्रंक उतरते. कुणी एक शब्द बोलत नाही. ती ट्रंक उघडते, त्याचा शर्ट छातीशी धरते. मला ते सांगवेना. आत्ती कोपरानं ढोसत होती, "काय झालं? सांग की!"

"नवरा आला," मी म्हणालो.

"मग बाया का रडत्यात?"

"आनंदानं."

आत्तीनं अंधारात हात जोडले.

दिवेलागणीला घरी पोचलो. आत्ती माझ्या बायकोला खुशीत सगळा पिक्चर सांगू लागली. माझी बायको तो पिक्चर माहेरी, उचगावला गेली असताना बघून आलेली. ती म्हणाली, "अवो आत्ती, नवरा कुठला येतोय? नुसती ट्रंक येत्या त्येची."

आत्ती माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "डोळ्यांनी दगा दिला त्यो सोसला रं. तूबी दिलास?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅनेजरला अक्कल शिकवून आलेला मीच तो!

पुढच्या रविवारी परत तीच एसटी, तोच पिक्चर. मॅनेजर म्हणाला, "गुरुजी, तुमची रांग मोकळी हाय." या वेळी मी काही गाळलं नाही. ट्रंकेवरचं खडूनं लिहिलेलं नाव, सुटत नसलेली दोरी, शर्टाचं तुटलेलं बटण. आत्तीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"आता जरा गप बस," ती म्हणाली. "मलाबी रडू दे."

त्या थेटरात सांगणारा माणूस काही कुणी नेमला नाही. मी मात्र पुढं बरीच वर्षं ती नोकरी बिनपगारी केली. आणि त्या रविवारी घरी पाऊल टाकताच बायकोनं विचारलं होतं, "आत्ती, कसा झाला पिक्चर?"

आत्ती चपला काढत म्हणाली, "आज बघितला."