कुशाबाच्या दहाव्याला अमृत बोलला

अमृत माझा धाकटा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता राजुरीपासून पारगावापर्यंत जो तो म्हणतो, अमृत आपल्या घरचाच. घरचा त्यो फक्त माझ्या. त्याला सायकलवर पुढं बसवून शाळंत मी न्हेला. मी सातवीत शाळा सोडली, पण त्याला बारावी करवली. त्याची वाणी आमच्या रक्तातली हाय. मी माईक धरत न्हाई, एवढाच फरक.

अमृतची पिठाची गिरणी हाय, पण लोक त्याला वळखतात दहाव्यामुळं. आमच्याकडं माणूस गेला का दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर पिंडदान, प्रवचन, आन् मग श्रद्धांजलीची भाषणं. पुढारी एका घाटावरून उठतात आन् दुसऱ्या घाटावर जातात. सगळ्या मयतांना एकच भाषण : मनमिळाऊ, दानशूर, पोकळी भरून निघणार न्हाई.

अमृतचं तसं नसतं. त्यो आदल्या दिवशी त्या घरी जातो, बायामाणसांत बसतो आन् इचारतो, "हाताला काय सवय व्हती?" सोभाव इचारत न्हाई. मी एकदा म्हणलं, असं का रं? तर म्हणला, "दादा, सोभावाचं लोक ठरवून सांगतात. हाताचं तसं ठरवता येत न्हाई." आख्ख्या तालुक्यात हे कुणाला सुचंल का, सांगा.

तर पारगावचा कुशाबा गेला. त्याचा पोरगा आदेश माझ्या वळखीचा. त्याला मीच सांगितलं, "काळजी करू नको, माझा भाऊ बोलंल. सगळा घाट रडंल." आता कुशाबा म्हंजी लई भांडकुदळ माणूस. बांधावरून शेजाऱ्याशी कोर्टात, पाण्याच्या पाळीवरून भावकीशी अबोला, जावयाला तर जेवत्या ताटावरनं उठवलेला.

आदल्या दिवशी आमी दोघं गेलो. कुशाबाची बायको अंबाबाई भितीला टेकून बसली व्हती.

"लिवून आणलंय का?" तिनं इचारलं.

"न्हाई काकी. इचारायला आलोय."

"मग ऐक. जलमभर त्यानं मला शिव्या दिल्या. उद्या पुढारी त्याला पिरेमळ म्हणतील, म्हणू दे, त्यांना मतं पायजेत. पण तू इचारून जातोस म्हणं. इचारून खोटं बोललास तर मी घाटावरनं उठून जाईन. सगळ्यांदेखत."

"आये, गप की," आदेश म्हणला.

"तू गप. तुला आताच बाप गोड झालाय."

आदेशनं आमाला बाजूला घेतलं, हात जोडलं. "भाऊ, पावणं येणारेत, माझ्या कंपनीतले सायेब येणारेत. कायतरी चांगलंच बोला."

अमृत सरळ गोठ्यात गेला. गाय घायपाताच्या दाव्यानं बांधली व्हती, हातानं वळलेल्या.

"काकी, हे कुणी वळलं?"

"त्यानंच. रिकामा बसला का वळत बसायचा. नायलॉनला हात लावायचा न्हाई."

मग अमृत शेजारी मंगलवैनीकडं गेला. हिच्याच नवऱ्याशी कुशाबाचा बांधाचा खटला. तिच्या गोठ्यातबी तसलंच दावं! ती म्हणली, "आमची गाय त्याच्या मक्यात शिरली, तर दुसऱ्या दिशी हे दारात फेकून गेला. 'अक्कल न्हाई तर दोर तरी घ्या' म्हणला. पण अजून झिजलं न्हाई, खोटं कशाला बोलू!"

असं करत आख्खी वस्ती फिरलो. दर गोठ्यात कुशाबाचं दावं, आन् दर दाव्यामागं एक शिवी.

येताना गाडीवर मी म्हणलं, "दाव्याचं झकास हाय. तेवढ्या शिव्या गाळ."

"शिव्या गाळल्या तर दावं कुणाचं व्हतं ते कसं कळायचं, दादा?"

दहाव्याला घाट भरला. पुढाऱ्यांचं मनमिळाऊ-दानशूर झालं. अंबाबाई खाली मान घालून ऐकत व्हती. मग अमृत उठला.

"कुशाबातात्या मनमिळाऊ न्हवते."

एका पुढाऱ्यानं कानाचा मोबाईल खाली घेतला. मी आपली मान ताठ ठेवली.

"ज्याच्याशी त्यांचं भांडाण न्हाई असं घर मला वस्तीत घावलं न्हाई. आन् ज्याच्या गोठ्यात त्यांचं दावं न्हाई, असंबी घावलं न्हाई." मग त्यानं एकेका दाव्याची गोष्ट सांगितली, शिवीसकट. मागनं एकजण वरडला, "मला म्हणला, हे गाईला न्हाई, तुला बांधायला!" आन् घाट हसला. दहाव्याला! असं मी कधी बघितलं न्हवतं.

अमृत म्हणला, "माणूस तोंडानं भांडत असतो तवा हातानं काय करत असतो, ते त्याचं त्यालाबी ठावं नसतं. तात्यांनाबी नसंल. ते चांगले व्हते का वाईट, मी ठरवत न्हाई. दावी अजून बांधलेली हायेत." आन् खाली बसला.

अंबाबाई जागची हालली न्हाई. पदराआड हसत व्हती, असं जवळच्या बाया म्हणल्या.

पण आदेश खवळला. "सायबांपुढं बापाचं हसं केलंत." जेवायलाबी थांबा म्हणला न्हाई. तसंच उपाशी घरी आलो. वाटंत अमृत एवढंच म्हणला, "पोराचं वाईट वाटतंय."

दुसऱ्या दिशी सकाळी गिरणी चालू व्हती, मी रोजच्यासारखा तिथं पोती लावत व्हतो. दारात मोटारसायकल थांबली. आदेश, आन् मागं अंबाबाई. तेरावं व्हायचं व्हतं, घाट सोडला तर अशात बाईमाणूस घराभाईर पडत न्हाई.

"गिरणी बंद कर," अंबाबाई म्हणली.

अमृतनं बटण दाबलं. "काय दळायचंय, काकी?"

"दळायचं काय न्हाई. मी मेल्यावर तू बोलशील, ते मला ऐकाया येणार हाय का? माझ्या हाताला काय सवय हाय ते आत्ताच बघून सांग."

बोलता बोलता तिनं वाकून गिरणीच्या तोंडाशी खाली सांडलेलं पीठ तळव्यानं लोटून एका जागी गोळा केलं व्हतं. अमृतनं तिकडं बोट दाखवलं.

"हे."

तिनं हाताकडं बघितलं. "हे व्हय? हे तर कुणीबी करतं."

"आमी दोघं रोज त्यावरनं चालतो, काकी."

अंबाबाई पोत्यावर बसली. आदेशनं गाडी स्टँडवर लावली आन् खाली बघतच इचारलं, "भाऊ, चहा मिळंल का?"

चहा माझ्या घरनं आला.